विजेच्या मोटारीला बारमाही टायर : निवड कशी करावी?



ज्यांच्या दारात लाकडी चाकाची बैलगाडी होती, त्यांना 'धाव' म्हणजे काय हे सांगायला नको. धाव सैल झाली की उन्हाळ्यात गाडी लोहाराच्या भात्यापाशी न्यायची, धाव लालबुंद तापवायची आणि चाकावर चढवून वरून पाणी ओतायचे. पुढे रबरी टायरची गाडी आली. कंपनी कोणतीही असो, गावोगाव तिला 'डनलॉप'च म्हणत. मग ट्रॅक्टर आला, आणि त्याचा मोठा टायर घेताना घरातली चार माणसे बसून विचार करू लागली, कारण खर्च बैलाच्या किमतीइतका. आता काही घरांपुढे विजेवर चालणारी मोटार उभी आहे. २०२० सालापासून अशा गाड्या आपल्या भागात दिसू लागल्या. त्या वेळी घेतलेल्या गाड्यांचे मूळचे टायर आता झिजत आले आहेत आणि घरोघर पहिल्यांदाच प्रश्न पडला आहे की, नवे कोणते घालावेत?

मी शेतीचा पदवीधर, मोटारीचा कारागीर नव्हे. पण पदवीला कृषी अभियांत्रिकी हा विषय होता, आणि नोकरीत शेतकऱ्यांबरोबर ट्रॅक्टरचे टायर पाहण्यात, पारखण्यात बरीच वर्षे गेली. गावात पीक-पाहणीला गेलो की आता करपा आणि हुमणीबरोबर हाही प्रश्न माझ्यापुढे येतो. विचारणाऱ्याच्या कानावर तीन मते आलेली असतात. परदेशी असलेला मुलगा फोनवर सांगतो, "ऑल सीझन टाका, म्हणजे बारा महिने बघायला नको." तालुक्याचा दुकानदार सांगतो, "ईव्हीचा खास टायरच टाका." आणि गावचा मेकॅनिक म्हणतो, "आकार जुळला की कोणताही चालतो." तिन्ही मतांत थोडेथोडे तथ्य आहे आणि तिन्ही अपुरी आहेत.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे टायर घ्यायचा तो ओल्या रस्त्यावर धरणारा, गाडीचे वजन पेलणारा आणि ताजा. एका चार्जिंगमध्ये गाडी किती पळते, टायर किती हजार किलोमीटर टिकतो, हे प्रश्न त्याच्या मागून येतात.

बारमाही कोणाचे बारा महिने?

'ऑल सीझन' हा शब्द थंड मुलखातला आहे. जर्मनीत किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात उन्हाळी आणि हिवाळी असे टायरांचे दोन जोड ठेवण्याची रीत आहे. साधारण सात अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होते आणि रस्त्यावर पकड धरत नाही. म्हणून हिवाळी टायर मऊ रबराचा आणि बारीक चिरांचा करतात. या दोहोंच्या मधला तो ऑल सीझन. त्याच्या बाजूवर 'एम प्लस एस' म्हणजे चिखल आणि बर्फ, अशी अक्षरे असतात. ही अक्षरे कारखानदार स्वतःच घालतो, त्यामागे परीक्षा असतेच असे नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण अशी खूण असेल, तर मात्र तो टायर बर्फावर तपासून उतरलेला असतो. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर गाडी काढायची तर १ ऑक्टोबर २०२४ पासून ही डोंगराची खूणच लागते. नुसती 'एम प्लस एस' अक्षरे तिथे आता चालत नाहीत.

आपला मुलगा त्या देशात राहून सांगतो ते त्याच्या रस्त्यासाठी बरोबरच आहे. पण आपल्याकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले तरी वर्तमानपत्रात बातमी येते! आपले ऋतू तीन. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि डांबर त्याहून कितीतरी अधिक तापते. पावसाळ्यात घाटात रस्त्यावरून पाण्याचे पाट वाहतात. आणि हिवाळा म्हटला तर टायरच्या दृष्टीने तो हिवाळाच नव्हे. बर्फासाठी केलेले मऊ रबर आपल्या वैशाखात लवकर झिजते आणि तापल्या रस्त्यावर ब्रेक लावला की गाडी थोडी लांब जाऊन थांबते. तेव्हा डोंगर-हिमकणाचा टायर महाराष्ट्रात मुद्दाम शोधण्याचे कारण नाही. हिमाचल-काश्मीरकडे राहणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आपल्याकडे जो साधा मोटारीचा टायर विकला जातो, तो ऊन आणि पाऊस यांसाठीच बनवलेला असतो. आपला बारमाही तोच. फक्त त्यात पावसाची बाजू कोणाची चांगली आहे, हे पाहायचे.

विजेच्या गाडीचा टायर का झिजतो?

याची दोन कारणे ठळक आहेत. पहिले वजन. गाडीच्या तळाशी बॅटरी असते आणि लहान मोटारीतसुद्धा ती दोन-तीनशे किलोंची भरते. म्हणजे घरची माणसे बसण्याआधीच गाडीत तीन-चार माणसे बसलेली आहेत असे समजा.

दुसरे कारण ओढीचे. पेट्रोलच्या इंजिनाला जोर यायला फेरे वाढावे लागतात. विजेच्या मोटरला तसे नाही. उभ्या जागेवरूनच ती सगळा जोर लावते. ज्याने बैल हाकले आहेत त्याला हे लगेच कळेल. भरलेली गाडी हळूहळू ओढ घेणारी जोडी आणि चाबूक लागताच उसळी मारणारा तरणा खोंड, यांत जू आणि शिवळा कोणाच्या जास्त मोडतात? त्याच न्यायाने सिग्नलवरून उसळी मारणाऱ्या विजेच्या गाडीचे पुढचे टायर बिचारे रस्त्यावर घासून जातात. शिवाय पाय उचलला की हीच मोटर उलटी वीज तयार करते आणि गाडी आवरते. हे आवरणेही त्याच चाकांवर येते ज्यांना मोटर जोडलेली आहे. पुढच्या चाकांची गाडी असेल तर पुढचे टायर आधी संपणार, यात आश्चर्य नाही. पाय हलका ठेवणाऱ्याच्या गाडीचा टायर पुष्कळ टिकतो, हेही तितकेच खरे.

'ईव्हीचा खास टायर' म्हणून जो विकतात त्यात बहुधा वजनासाठी बळकट बांधणी, कमी ओढ घेणारे रबर आणि आवाज दाबण्यासाठी आतून स्पंजाचा थर, यांपैकी काही गोष्टी असतात. विजेच्या गाडीला इंजिनाचा आवाज नसल्याने टायरचा घूं-घूं आवाज कानी पडतो, म्हणून तो स्पंज. असा टायर वाईट नव्हे. पण 'ईव्ही' ही दोन अक्षरे म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. पिशवीवर 'संशोधित' छापले म्हणून बियाणे उगवतेच असे नाही, हा अनुभव तुम्हा-आम्हाला नवा नाही.

पिशवीवरची चिठ्ठी वाचतो तसा टायर वाचा

प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी चिठ्ठी असते. तिच्यावर वाण, लॉट नंबर, उगवणशक्ती, मुदत हे सारे असते आणि ती वाचून घेणारा शेतकरी सहसा फसत नाही. टायरची चिठ्ठी त्याच्या बाजूवरच कोरलेली असते. अक्षरे इंग्रजी असली तरी शाळेत जाणारे पोर ती वाचून दाखवील.

उदाहरणासाठी टाटा कंपनीच्या नेक्सॉन ईव्ही या गाडीचा आकार घेऊ : २१५/६० आर १६. यात २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या शेकडा ६०, म्हणजे १२९ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ म्हणजे आतल्या रीमचा व्यास इंचांत. टियागो ईव्हीचा आकार १७५/६५ आर १४ आहे. गाडीला जो आकार कंपनीने दिला तोच घ्यावा. "थोडा रुंद टाका, गाडी उठून दिसेल," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. रुंद टायर अधिक ओढ घेतो आणि एका चार्जिंगमधले अंतर घटते. व्यास बदलला तर काट्यावरचा वेगही चुकीचा दिसतो.

आकारानंतर एक आकडा आणि एक अक्षर येते, जसे ९५ एच. लोक इकडे पाहतच नाहीत, आणि विजेच्या गाडीत हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा. ९५ म्हणजे पंचाण्णव किलो नव्हे. तो तक्त्यातला क्रमांक आहे. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९० किलो. एकाच आकाराचे टायर वेगवेगळ्या भार-आकड्याचे मिळू शकतात आणि कमी आकड्याचा बहुधा स्वस्त असतो. आपल्या जुन्या टायरवर जो आकडा आहे त्याहून कमी कधीही घेऊ नये, अधिक चालेल. 'एक्स एल' अशी अक्षरे असतील तर तो जादा भाराचा टायर, त्यात हवाही थोडी जास्त ठेवता येते. शेवटचे अक्षर वेगाचे. टी म्हणजे ताशी १९० आणि एच म्हणजे २१० किलोमीटरपर्यंत. एवढ्या वेगाने कोणी जाऊ नये हे उघड आहे, पण हे अक्षर टायर उष्णता किती सोसतो हेही सांगते. तेही मूळच्यापेक्षा खालचे नको.

मग तारीख पाहावी. लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२५ असे असेल तर २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, तो टायर तयार झाला. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते, आणि दुकानाबाहेर उन्हात रचून ठेवले तर फार लवकर होते. जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात मी स्वतः पाहिले : 'आजच आलेला माल' म्हणून दाखवलेल्या चारपैकी दोन टायर अडीच वर्षांपूर्वीचे होते. सवलत मोठी होती त्याचे कारण तेच. सहा महिन्यांच्या आतला माल मागावा. वर्षापेक्षा जुना असेल तर सरळ नाही म्हणावे. चारही टायरांची तारीख वेगवेगळी वाचावी; एक पाहून चौघांचे अनुमान काढू नये.

आयएसआय खूण हवीच. मोटारीच्या टायरला ती २००९ सालच्या आदेशानुसार सक्तीची आहे आणि तिच्यासोबत प्रमाणाचा क्रमांक १५६३३ असतो. त्याखेरीज केंद्र सरकारने २०२२ मध्ये आणखी एक नियम काढला. त्यानुसार टायरची रस्त्यावरची ओढ, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींना किमान कसोटी लागू झाली. ही उत्तीर्ण होण्यापुरती कसोटी आहे. पहिला नंबर कोणाचा हे ती सांगत नाही. काही टायरांवर फ्रीज-पंप्यांसारखे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे तारे असतात, पण ते तारे इंधनबचतीचे आहेत हे ध्यानात ठेवावे. युरोपात २०२१ पासून टायरच्या चिठ्ठीवर ओल्या पकडीला 'ए' ते 'ई' अशी प्रतवारी स्वतंत्र देतात. आपल्या देशातले काही कारखानेही तिकडे माल पाठवतात. तोच टायर, त्याच आकारात तिकडे विकला जात असेल तर घरच्या मुलाला मोबाईलवर ती प्रत शोधायला सांगावी. 'ए' किंवा 'बी' असेल तर उत्तम.

ज्वारी, कडबा आणि टायर

१९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर दिला. पण रब्बीच्या शेतकऱ्याने मालदांडी सोडली नाही, कारण त्याला भाकरीही हवी होती आणि बैलांना कडबाही. एकाच ताटाने सगळे द्यावे ही अपेक्षा तेव्हा पुरी झाली नाही. टायरचेही असेच आहे. रस्त्यावर हलका लोळावा, पावसात घट्ट धरावा आणि वर्षानुवर्षे झिजू नये, अशा तीन मागण्या. यातली एक वाढवायला गेले की दुसरी थोडी खाली येते. चांगले कारखाने रबरात सिलिका घालून पकड आणि हलकेपणा दोन्ही सांभाळतात, पण मग किंमत वाढते. स्वस्तात स्वस्त टायर 'साठ हजार किलोमीटर चालेल' असे सांगून विकला जातो तेव्हा त्याचे रबर कडक असण्याचा संभव जास्त, आणि कडक रबर पावसात घसरते.

विजेच्या गाडीचा मालक पहिल्यांदा विचारतो तो रेंजचा प्रश्न. त्याचा हिशेब कागदावर मांडून पाहू. समजा गाडी एका युनिटात सात किलोमीटर जाते आणि टायर ३५,००० किलोमीटर चालले. एकूण ५,००० युनिट वीज लागली. जड लोळणाऱ्या टायरमुळे शेकडा पाच वीज जास्त गेली असे धरले तर २५० युनिट. घरच्या विजेचा दर आठ रुपये धरला तर दोन हजार रुपये. चार टायरांवर वाटले तर टायरमागे पाचशे रुपये, तेही तीन-चार वर्षांत! एका खड्ड्यात रीम वाकली तरी यापेक्षा जास्त जातात. तेव्हा पैशाच्या दृष्टीने हा फरक मोठा नाही. फरक पडतो तो अंतरात. दोनशे किलोमीटर जाणारी गाडी एकशेनव्वद जाईल. ज्याचे रोजचे जाणे-येणे साठ-सत्तर किलोमीटरांत संपते, त्याला या दहा किलोमीटरांचे काय? ज्याला दूरवर चार्जिंगशिवाय जावे लागते त्याने मात्र कमी ओढीचा टायर पाहावा.

आणि एक गोष्ट. नवे टायर घातल्यावर पहिले काही दिवस रेंज कमी झाल्यासारखी वाटते. दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. झिजलेला टायर नव्या जाड नक्षीच्या टायरपेक्षा हलका लोळतो. नवे रबर रुळले की फरक कमी होतो.

पुढे की मागे?

आमच्या कराड-पाटण भागातून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. या पट्ट्यात पाऊस कसा कोसळतो ते कोयनेच्या काठच्यांना सांगायला नको. या भागातल्या एका ऊस-बागायतदाराची सून शिक्षिका आहे. विजेची गाडी तीच चालवते, रोज वळणाच्या रस्त्याने शाळेला जाते, आणि सोबत धाकटी मुलगीही असते. मे महिन्यात सासरे माझ्याकडे आले. "साहेब, पुढचे दोन टायर गोटा झालेत. मागचे अजून बरे आहेत. दोनच नवे घेतो आणि पुढे टाकतो. ओढ तर पुढचीच चाकं घेतात ना?"

मी म्हटले, "अप्पा, दोन घ्या, पण नवे मागे टाका आणि मागचे पुढे आणा."

अप्पांना ते पटेना. मेकॅनिकही हसला. पुष्कळांना हे उलटे वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ओल्या वळणावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते. चालवणाऱ्याला स्टिअरिंग हलके लागते, तो आपोआप पाय उचलतो आणि गाडी बहुतेक वेळा पुन्हा धरते. पण मागची चाके घसरली तर गाडीचे ढुंगण बाहेर फेकले जाते आणि ती गरकन फिरते. हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो आणि ते सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. उतारावर भरलेली ट्रॉली मागून ढकलू लागली की ट्रॅक्टर आडवा होतो, ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. म्हणून जास्त नक्षीचे टायर मागे. ओढणारी चाके पुढची असोत की मागची, नियम हाच.

अप्पांच्या गाडीत आणखी एक अडचण निघाली. मागच्या 'बऱ्या' टायरांची नक्षी मोजली तर ती जेमतेम अडीच मिलिमीटर भरली. नव्या टायरची नक्षी सात-आठ मिलिमीटर असते आणि कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते. खाचेत आडव्या लहान उंचवट्यांची खूण असते. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण कायद्याचा आकडा हा शेवटचा आकडा आहे. रस्त्यावर पाणी साचले की ते नक्षीच्या खाचांतून बाजूला जावे लागते. खाच उथळ झाली तर पाण्याला वाट राहत नाही, टायर पाण्यावर तरंगू लागतो, आणि तेव्हा ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही नावापुरती उरतात. शेतात चर बुजले की पाणी वाफ्यातच उभे राहते, तसेच हे. माझा सल्ला असा की, मृगापूर्वी मोजावे आणि तीन मिलिमीटरांच्या खाली असेल तर पावसाळा त्याच टायरांवर काढू नये. मोजायला काडेपेटीची काडी पुरते. मधल्या खाचेत उभी धरून नखाने खूण करावी आणि पोरांच्या फूटपट्टीवर पाहावी. आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या अशा तिन्ही खाचा मोजाव्यात, कारण आतली कड झिजलेली उभ्याने दिसत नाही.

अप्पांनी शेवटी चारही घेतले. खर्च मोठा होता, कुरकुर झाली. सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला : "खताचा हप्ता पुढच्या महिन्यात देऊ, पोरगी रोज जाते."

पावसाळ्यात विजेच्या गाडीचे ते उलटे आवरणे, म्हणजे पाय उचलताच गाडी रोखणारी सोय, कमीवर ठेवावी. चिखलाच्या किंवा निसरड्या उतारावर ती जोरात असेल तर ओढणारी चाके एकदम अडतात आणि घसरू शकतात. ज्या गाडीला मोटर मागच्या चाकांना आहे तिच्यात तर हे विशेष पाळावे. गळीत हंगामात ट्रॅक्टरांनी रस्त्यावर आणलेली काळी माती आणि मृगाच्या पहिल्या सरीत धूळ-तेलाचा होणारा लेप, या दोन्ही वेळी टायर कितीही भारी असला तरी वेग कमी हाच इलाज.

दुकानात उभे राहून करून घ्यायचे काम

टायर घरी आणून गावातच बसवू, असे कोणी म्हणेल तर हरकत नाही, पण एक गोष्ट पंक्चरवाल्याला बजावून सांगावी. विजेच्या गाडीच्या पोटाखाली बॅटरी असते. ट्रॅक्टरला किंवा जीपला लावतात तसा जॅक पोटाखाली कुठेही लावला तर बॅटरीच्या पेटीला इजा होईल, आणि त्या पेटीची किंमत चार टायरांच्या किमतीच्या कैक पटीने आहे. जॅक लावायच्या चार जागा कंपनीने दाखवलेल्या असतात, त्यांच्यावरच लावावा. नट हवेच्या बंदुकीने कचकचून आवळू नयेत. शेवटचा पीळ मोजक्या जोराच्या पान्ह्याने द्यावा आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा पाहावा.

बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करूनच गाडी बाहेर काढावी. हवा भरायचा व्हॉल्व्ह नवा घालावा. टायरवर बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरले पाहिजे. 'बाहेरची बाजू' असे लिहिलेले असेल तर ती बाहेरच यावी. पुढे दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढे-मागे बदलावेत, म्हणजे चारही सारखे झिजतात आणि अप्पांसारखी दोन-दोनची अडचण येत नाही.

आत स्पंज असलेला टायर असेल तर पंक्चर काढताना भोकाजवळचा स्पंज काढून मगच आतून ठिगळ लावावे लागते. गावात हे जमेल का, हे टायर घेण्याआधीच विचारून ठेवावे. नाही जमले तर स्पंजाविनाचा घ्यावा; थोडा आवाज आला तर आला. कारण पुष्कळ विजेच्या गाड्यांत जादा चाक नसते. २०२० मध्ये नियम बदलून, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचे सामान दिलेले असेल तर जादा चाकाची सक्ती काढली, आणि ती जागा मोठ्या बॅटरीला मोकळी झाली. शहरात ठीक आहे. पण पाणंदीने गाडी शेतावर नेणाऱ्याला बाभळीचा काटा, तुरीचे खुंट आणि पऱ्हाटीची धसकटे भेटणारच. काटा नक्षीत घुसला तर पंक्चर निघते. बाजूला चिरले तर ते दुरुस्त होत नाही, टायर बाद. डिकीत जागा असेल तर एक जुळते चाक ठेवावे. लहान हवेचा पंप तरी ठेवावाच.

रिमोल्ड टायर ऊस-ट्रॉलीला चालतो. या गाडीला नको. जुन्या बाजारातलाही नको.

हवा

चांगल्यात चांगला टायर कमी हवेने मारला जातो. पंक्चरवाले सर्व गाड्यांना सवयीने 'तीस पौंड' भरतात. विजेच्या गाडीला वजनामुळे बहुधा जास्त लागते. नेमका आकडा चालकाच्या दारापाशी खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर असतो, तोच खरा. टायरच्या बाजूवर कोरलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे. तेवढी हवा भरायची नसते. हवा सकाळी, गाडी न चालवता, पंधरा दिवसांतून एकदा पाहावी. दहा अंश तापमान वाढले की दाब साधारण दीड पौंड वाढतो. म्हणून पुष्कळजण उन्हाळ्यात मुद्दाम हवा कमी करतात, आणि हीच मोठी चूक आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि मग फुटतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन खात्याला टायर तपासणीची मोहीम घ्यावी लागली. लांब सरळ काँक्रीटचा रस्ता, दुपारचे ऊन, न थांबता धावणे आणि कमी हवा असे सगळे एकत्र आले की गोटा टायर तग धरत नाही. नायट्रोजन भरायचा का, असे विचारतात. साध्या हवेत शेकडा ७८ नायट्रोजनच आहे. फुकट मिळाला तर घ्यावा; त्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा साधी हवा वेळेवर पाहणे बरे.

निघालेले जुने टायर शक्यतो दुकानातच द्यावेत. ते होळीत किंवा बांधावर जाळू नयेत, त्याचा धूर विषारी असतो. गोठ्याशी किंवा परसात काही कामासाठी ठेवायचेच असतील तर तळाला दोन-तीन भोके पाडून ठेवावेत, म्हणजे पावसाचे पाणी साचून त्यात डेंग्यूचे डास होणार नाहीत.